पेशकारकाका आणि तळ्यातली मरळ

पेशकारकाकांकडे खीर पोचवायची असेल तर मी पोटात जागा ठेवून जात असे. त्यांच्याकडे कुणीही काहीही खायला आणलं, तरी त्यातला पहिला घास आणणाऱ्यानं त्यांच्यासमोर बसून खायचा, असा त्यांचा कायदा होता. घास खाल्ला की काका जपाची माळ काढत. एकशे आठ मणी ओढून होईपर्यंत आपण पाटावर बसून राहायचं. माळ संपली आणि तोवर आपण आडवे झालो नसलो, की काका वाटी स्वतःकडे ओढत आणि म्हणत, "बरी झालीय. आईला सांग."

निजामाच्या अमलातली गोष्ट. आम्ही औरंगाबादेत गुलमंडीच्या मागच्या गल्लीत राहत होतो आणि काका भिंतीला भिंत लागून शेजारी. मी तालुकदार कचेरीत नव्यानं चिकटलेला अहलकार, म्हणजे कारकून. कचेरीत मला वसंतराव म्हणत. काकांकडे मी खीर चाखणारा वसंता होतो. आईचं म्हणणं असं, की बायको जाऊन दहा वर्षं झालेला एकटा माणूस, हातानं रांधून खातो, त्याला अधूनमधून चांगलंचुंगलं द्यावं. काकांचं म्हणणं असं, की शेजारीण इतकं चांगलंचुंगलं का देते?

काका तीस वर्षं त्याच कचेरीत पेशकार होते. पेशकाराचं काम साहेबांसमोर उभं राहून लोकांचे अर्ज वाचून दाखवायचं. तीस वर्षं रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या अडचणी मोठ्यानं वाचल्यावर माणसाचं काय होत असेल ते काकांकडे पाहून कळे. अर्जात लिहिलेलं असतं ते खोटं आणि लिहायचं टाळलेलं असतं ते खरं, असा त्यांचा सिद्धांत होता. पेन्शनीत निघाल्यावर अर्ज थांबले, पण सिद्धांत थांबला नाही. मग तो गल्लीला लागू झाला. "यात मेख आहे," असं ते दिवसातून वीस वेळा तरी म्हणत. म्हणताना आवाज खाली आणत आणि मागं वळून पाहत.

गवळ्यानं एकदा बिनपाण्याचं दूध घातलं, तर काकांनी त्याला आठ दिवस दारात उभं करून उलटतपासणी घेतली. "आजवर पाणी घालत होतास. आता नाही घालत. का?" गवळी बिचारा पुन्हा पाणी घालायला लागला तेव्हा काकांना बरं वाटलं. शहागंजातल्या टॉवरच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून ते स्वतःचं घड्याळ बाळगत. आणि ते घड्याळ एकदा शहागंजातच दुरुस्तीला टाकलेलं असल्यामुळं त्याच्यावरही विश्वास नव्हता. एका ज्योतिष्यानं त्यांना पुढचे दिवस चांगले आहेत असं सांगितलं, तर घरी येऊन त्यांनी दाराचं कुलूप बदललं.

हा रोग सांसर्गिक असावा. वर्षभर त्यांच्या शेजारी काढल्यावर कचेरीत कुणी मला पान पुढं केलं की मीही आधी त्याच्या तोंडाकडं पाहायला लागलो.

या स्वभावापायी काकांचं एक फार मोठं नुकसान झालं होतं. गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यांच्यासमोर कुणी बोलत नसे. त्यांना एकच मुलगी, गोदावरी. गोदू म्हणत. ती पाचोडला दिलेली. जावई घरचा बरा, शेतीवाडीचा, बोलायला गोड. पहिल्या दिवाळसणाला तो सासुरवाडीला आला तो घरच्या म्हशीच्या खव्याचे पेढे घेऊन आला. पाचपन्नास माणसं बसलेली. काकांनी पेढ्यांचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि सवयीनं एक पेढा उचलून जावयाच्या हातात ठेवला. "आधी तुम्ही घ्या," म्हणाले आणि माळ काढली. जावयानं पेढा खाल्ला नाही. परत डब्यात ठेवला, उठला, पायताण घातलं, आणि गोदूला म्हणाला, "चल." गोदू वडिलांकडं पाहत पाहत गेली. त्याला चार वर्षं होऊन गेली होती. बाळंतपणालासुद्धा ती माहेरी आली नाही. काकांनी तिकडं पत्र घातलं नाही, तिकडून आलं नाही. काका म्हणत, "माणसानं एक पेढा खायला काय हरकत होती? यात काहीतरी मेख होती." पण हे म्हणताना ते मागं वळून पाहत नसत, खाली पाहत.

आता सोमवारचं सांगतो, कारण तिथं आम्हीच काकांचा संशय घेतला होता.

गोदूला सातवा महिना लागला होता त्या सुमाराला काका दर सोमवारी भल्या सकाळी छावणीच्या बाजाराकडं जाताना दिसू लागले. छावणी आमच्या गल्लीपासून चांगली लांब, आणि तिथल्या बाजारात काकांचं काही काम असण्याचं कारण नव्हतं. तिथं पलटणीच्या लोकांना लागतं ते मिळे, म्हणजे मुख्यतः मटण आणि मासळी. येताना काकांच्या हातात तोंडाला ओलं फडकं बांधलेलं तांब्याचं भांडं असे. ते गल्लीतून न येता मागच्या बोळानं निघून जात. एकदा मी समोर आलो तर भांडं धोतराच्या सोग्याखाली घेतलं. वासावरून मला कळायचं ते कळलं.

घरी येऊन मी आईला सांगितलं, "काका मासे खातात."

आई म्हणाली, "काहीतरीच काय. जानव्याचा माणूस."

"सोमवारी खातात," मी म्हणालो.

आईनं त्या आठवड्यात खीर पाठवली नाही. गल्लीत कुजबुज झाली. अकरा-बारा सोमवार हा प्रकार चालला आणि मग आपोआप बंद पडला. आम्ही समजलो, जिभेची हौस फिटली. काकांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्यानंतर मात्र त्यांना दुसरा नाद लागला. दिल्ली दरवाज्याबाहेर मोठं तळं आहे, सरकारी. त्या तळ्यावर काका रोज सकाळी कणकेच्या गोळ्या घेऊन जाऊ लागले. पायरीवर बसून एकेक गोळी पाण्यात टाकायची. बोटाएवढ्या मासोळ्या झुंबडीनं यायच्या. काका त्यांना एकटक पाहत राहायचे, जसं काही कुणी हजेरी घेतंय. मी एकदा विचारलं, "काका, माशांवर तेवढा तुमचा संशय नाही?"

"त्यांना माझ्याकडून काय पाहिजे ते मला ठाऊक आहे," काका म्हणाले. "कणीक. यात मेख नाही."

हे असं दोन वर्षं चाललं. मग ते प्रकरण आलं.

शहागंजात टॉवरखाली एक इश्तिहार, म्हणजे सरकारी जाहीरनामा, लागला. छावणीतल्या एका मेजरसाहेबानं सरकारात अर्ज केला होता. साहेबाला गळानं मासे धरायचा शौक. त्याचं म्हणणं, या तळ्यात बारीकसारीक मासळी आहे, तिच्यात काही मजा नाही. त्याऐवजी मरळ सोडावी. मरळ हा शिकारी मासा, अंगानं मोठा, गळाला लागला की झुंजतो. मरळीला वाढायला वाव मिळावा म्हणून भोयांच्या जाळ्यांना तळ्यात बंदी करावी. कुणाची हरकत असेल त्यानं पंधरा दिवसांत तालुकदारसाहेबांकडं लेखी उजर द्यावा. तालुकदार म्हणजे सगळ्या जिल्ह्याचा मालक.

काका तो इश्तिहार तीनदा वाचून आले. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

"मरळ बाकीचे मासे खाते म्हणतात. खरं का रे?"

"शिकारी मासा म्हणजे खाणारच."

"सगळे खाते? मोठेही?"

"ते मला काय माहीत, काका. आपल्यात कुणी..." मला सोमवार आठवले.

दुसऱ्या दिवसापर्यंत काका सावरले होते. त्यांना मेख सापडली होती. दार लावून घेऊन त्यांनी मला सांगितलं, "तो मेजर मासे धरत नाही. शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडतो आणि काढतो. चार पावलं सरकतो, पुन्हा सोडतो आणि काढतो. याला शिकार म्हणतात? ही मोजणी आहे. तळ्याची खोली चाललीय मोजायची. पाणी छावणीत न्यायचंय. मरळ हे निमित्त."

माझ्यावर कामगिरी सोपवण्यात आली. तीन दिवस कचेरीच्या आधी मी बांधावरच्या बाभळीमागं बसून मेजरवर नजर ठेवली. मेजर लालबुंद, पोक्त, पायांत गुडघ्यापर्यंत बूट. पहिल्या दिवशी त्याला काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तो तोंडावर टोपी ठेवून झोपला. मी तसं येऊन सांगितलं.

"टोपीखाली डोळे उघडे होते का, पाहिलंस?"

"घोरत होता, काका."

"घोरणं काय, कुणालाही येतं," काका म्हणाले.

काकांच्या बाजूनं एकच माणूस होता, सखाराम भोई. तळ्यात जाळं टाकायचा हक्क त्याच्या घराण्याकडं. जाळ्यांना बंदी आली की त्याच्या घरातल्या नऊ माणसांनी काय खायचं हा प्रश्न होता. मी त्याला काकांकडं घेऊन गेलो. तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला.

"मालक, मरळ लई वंगाळ," सखाराम म्हणाला. "सोताच्या पिल्लाबिगर कुनाचं पिल्लू ठेवीत नाय. पर साहेबानं नव्यानं सोडायचं काय काम? ती तर हायच की तळ्यात."

काकांच्या हातातली माळ थांबली. "आहे? केव्हापासून?"

"दोन साल झालं. दुष्काळात तळं पार आटलं व्हतं नव्हं का? गाळ निघाला. मंग म्या पैठणहून गंगेची, गोदावरीची, बारीक मासळी आनून सोडली. निवडून आनली, तिच्यात मरळ नव्हती. आन मंग एकदम मरळ. माझं जाळं निम्म्यावर आलं. कुनीतरी सोडली, मालक. कोन ते कळना."

काका माझ्याकडं वळले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर क्वचितच पाहिला होता. "मेजरनं. आधी चोरून सोडली आणि आता परवानगी मागतोय. मी म्हटलं नव्हतं?"

सखाराम गेल्यावर ते पुन्हा चिंतेत पडले. "हा भोई आपलं सगळं फार लौकर कबूल करतो. याच्यावरही लक्ष ठेव."

उजर लिहायला सहा दिवस लागले. अकरा कलमं होती, अस्सल दरबारी उर्दूत. एकेका वाक्यात तीन तीन वळणं, कुठंही धरायला जावं तर हात रिकामा यावा असं कसलेल्या पेशकाराचं लिहिणं. अकरावं कलम काकांनी मला दोनदा वाचून दाखवलं. ज्या कुणा इसमानं सरकारची इजाजत न घेता सदर तळ्यात मरळ सोडली, त्याचा तपास लावून, ओहदा, म्हणजे हुद्दा, आणि वय न पाहता, त्याला सजा व्हावी.

"ओहदा म्हणजे मेजर," काका म्हणाले. "आणि वय घातलं ते मागनं सबब सांगू नये म्हणून."

सुनावणी तळ्याच्या बांधावरच झाली. तालुकदारसाहेब समंजस आणि थोडे कंटाळलेले गृहस्थ होते. त्यांच्यासाठी खुर्ची आणली होती. प्रकरणाची मिसल, म्हणजे कागदांचं बाड, धरून मी मागं उभा. समोर मेजर, सखाराम आणि नवी टोपी घातलेले काका. भोवती शंभरेक रिकामटेकडी माणसं.

साहेबांनी काकांना जुन्या ओळखीनं बसायला सांगितलं आणि विचारलं, "पेशकारसाहब, आप मछली खाते हैं?"

"तोबा, हुजूर."

"तालाब का ठेका आपका?"

"नहीं, हुजूर."

"फिर आपका नुकसान क्या है?"

तीस वर्षं दुसऱ्याच्या अर्जातला नेमका हाच प्रश्न काकांनी काढलेला. आता तो त्यांच्यावरच आला. नवी टोपी सारखी करून म्हणाले, "तालाब में मेरा कुछ है, हुजूर." साहेबांनी भुवया उचलल्या आणि मेजरला बोलायची खूण केली.

मेजर मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला की मरळ तळ्यात आधीच आहे, कालच आपण एक धरली, आणि धरून पाण्यात जिवंत ठेवलीय. त्याच्या शिपायानं एक बादली आणून साहेबांपुढं ठेवली. मेजर म्हणाला, इथं सरकारनं मरळ सोडलेली नाही, मीही नाही. मग कुणी सोडली? तळ्यात रोज कोण असतं? हा भोई. चोरून मरळ वाढवतो आणि छावणीत विकतो, म्हणून त्याला दुसरी मरळ नको.

लोकांत गलका झाला. मला आठवतं, माझ्याही मनात आलं की सखाराम फार लौकर कबूल करतो, काका म्हणत होतेच.

साहेब गंभीर झाले. "सखाराम, हे खरं निघालं तर जाळ्याचा हक्क जाईल. समझे?"

"न्हाई, हुजूर. म्या का सोडीन? ती माझंच खातीया." सखारामनं गळ्याला हात लावला. "पोरांच्या गळ्याशपत, न्हाई."

काका बादलीपाशी गेले होते. त्यांनी वाकून आत पाहिलं. मीही पाहिलं. हातभर लांब काळपट मासा, चपट्या डोक्याचा, अंग मुडपून पडलेला. त्याच्या शेपटीच्या टोकाला एक जुनी खाच होती, भरून आलेली पण वाकडी. काका ती खाच पाहत राहिले. मग बांधाच्या दगडावर बसले. मला वाटलं त्यांना चक्कर आली. मी पुढं झालो तर त्यांनी हातानं थांबवलं.

"हुजूर," ते म्हणाले, "माझ्या उजरातलं अकरावं कलम वाचावं."

मी वाचलं.

"तो इसम मी."

काका साहेबांशी नेहमी उर्दूत बोलत. या वेळी मात्र मराठीत बोलले. साहेबांना मराठी समजत होतं.

"मुलगी पोटुशी होती, पाचोडला. सातव्या महिन्यापासून अंथरुणाला खिळली. कानावर आलं, दोन्ही जिवांचं काही खरं नाही. मला तिथं जायला तोंड नव्हतं. दोनदा टांग्यात पाय ठेवून परत फिरलो. गुरुजींनी सांगितलं, अकरा सोमवार अकरा जीव सोडवा. मग छावणीच्या बाजारात गेलो. मासळीवाल्या बाईला म्हटलं, जिवंत मासा पाहिजे. तिनं दिला. तो आणून इथं सोडला. असे अकरा."

"मरळच की ती, मालक," सखाराम हळूच म्हणाला. "बाजारात मरळीबिगर जित्ता कोन ऱ्हातो? ती पान्याभाईर बी दम धरती."

"मी नाव विचारलं नाही," काका म्हणाले. "मासा तो मासा. आम्हाला काय कळतंय त्यातलं."

"और ये निशान?" साहेबांनी विचारलं.

काकांनी मान खाली घातली. "तोच मासा इथनं धरतील आणि पुढच्या सोमवारी मलाच विकतील, असं वाटलं. म्हणून दर वेळी सोडण्याआधी कात्रीनं खाच केली, हुजूर. डोळे मिटून."

एरवी यावर सगळा बांध हसला असता. कुणी हसलं नाही. मी तर मिसलीत तोंड खुपसलं. दोन वर्षं मी या माणसाला मासेखाऊ ठरवून गल्लीभर केलं होतं, आणि मला माझी लाज वाटली.

"लडकी?" साहेब म्हणाले.

"वाचली. तिला मुलगी झाली, असं ऐकून आहे. ते अकरा तळ्यात सुखरूप आहेत तोवर त्या दोघी सुखरूप, असं मी धरून चाललो होतो. रोज कणीक घालायचो ती त्यांनाच. मरळ आली तर त्यांना खाईल म्हणून हे सगळं लिहिलं. ते अकराच मरळ आहेत हे आत्ता कळलं. भोयाचा यात काही कसूर नाही. सजा मला द्यावी."

हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. त्या खाचेचा अर्थ काकांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हता.

साहेबांनी मला लेखणी काढायला सांगितलं. मग त्यांनी हुकूम सांगितला आणि मी लिहून घेतला. तळ्यात नव्यानं मरळ सोडू नये. जाळ्याचा हक्क सखारामकडे कायम. उजरदारानं स्वतःच्याच अर्जाप्रमाणं सजा भोगावी, ती अशी: त्यानं रोज सकाळी बांधावर हजर राहावं आणि त्यानं सोडलेल्या मरळी शोधून काढाव्यात. त्या मारू नयेत, गोदावरीत नेऊन सोडाव्यात. मेजरसाहेबांना मरळ धरायची एवढी हौस आहे तर त्यांनी गळानं मदत करावी. मेजरला हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा तो भलताच खूष झाला.

त्यानंतरचे दोन महिने जन्मात विसरणार नाही. बांधावर एका बाजूला मेजर गळ टाकून, दुसऱ्या बाजूला सखाराम हातजाळं घेऊन आणि मधे काका ओणवे होऊन माशांच्या शेपट्या तपासताहेत. खाच असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात, नसेल तर सखारामच्या टोपलीत. मेजर आधीच काढून ठेवलेली मासळी पुन्हा गळाला लावून दाखवतो, असा काकांना संशय होता, आणि मेजरला काका आवडू लागले होते. अशा सहा मरळी पैठणला गेल्या. बाकीच्या हाताला लागल्या नाहीत म्हणजे जिवंत आहेत, असं काकांनी धरलं.

श्रावणात एक दिवस पाणगवतापाशी लाल ठिपक्यांचा घोळका दिसला, ताटलीएवढा. मी विचारलं हे काय.

"मरळीची पिल्लं," सखाराम म्हणाला. "आन खाली ती बघा, बाप हाय. आई बी असंल हितंच. पिल्लं मोठी होईस्तोवर कुनाला जवळ येऊ देत न्हाई. आता हात घाला, तुमाला चावंल."

मोठा मासा पिलांखाली संथ फिरत होता. तो वळला तेव्हा शेपटीची वाकडी खाच मला स्पष्ट दिसली. सखारामलाही दिसली असणार. मेजर पलीकडून ओरडला, "निशान है?"

काका गवतावर ओणवे झाले. पुष्कळ वेळ बघत होते. मग उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "नाही."

सखारामनं माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. तळ्यात आज मरळ आहे ती अशी आहे.

या प्रकरणाचं शेवटचं पान मी मिसलीत लावलेलं नाही. सखाराम आठवड्याच्या बाजाराला पाचोडला मासळी घेऊन जात असे. तिथं त्यानं कुणाला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. गणेशचतुर्थीला नैवेद्य झाल्यावर आईनं दिलेली उकडीच्या मोदकांची ताटली घेऊन मी काकांकडे गेलो, पाटावर बसलो, पहिला मोदक तोंडात घातला आणि काकांनी माळ काढली. तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली.

आधी गोदू उतरली. तिच्या कडेवर मुलगी होती. मागून जावई आला, हातात पितळी डबा. काका पाटावरून उठले आणि तसेच उभे राहिले. जावयानं डबा त्यांच्यापुढं ठेवला आणि झाकण काढलं. पेढे होते.

मला या घराची चाल माहीत होती. मी मोदक गिळून पुढं सरकलो. पण जावयालाही ती माहीत होती. त्यानं खाली बसून स्वतःच एक पेढा उचलला आणि तोंडाकडं नेला. रागानं नाही. सासऱ्याच्या घरी हे असंच असतं, हे मान्य करून आल्यासारखा.

काकांनी त्याचं मनगट धरलं. धरताना त्यांच्या हातातली माळ खाली पडली. जावयाच्या बोटांतला पेढा त्यांनी काढून घेतला, त्या पेढ्याकडं पाहिलं नाही की आत काय आहे ते पाहिलं नाही, आणि अख्खा तोंडात टाकला. चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही आणि जावयाचं मनगटही सोडलं नाही.

घास उतरल्यावर ते मला म्हणाले, "वसंता, तू जा आता घरी."

मी उठलो. त्या डब्यातला पेढा मला कुणी दिला नाही. दारातून मागं वळून पाहिलं तर काकांनी दुसरा उचलला होता.